पांढऱ्या ओट्याचा हट्ट

अकरा वर्षं मी पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघराची वाट पाहत होते. पांढरी कपाटं, पांढरा ओटा, मधे ना डाग ना रेघ. मासिकातलं तसं एक चित्र कापून मी कपाटात साड्यांखाली जपलं होतं. त्यामुळे सुतार माप घ्यायला आला, तेव्हा कुणाचं ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती, हे आधीच सांगून टाकते.

सासूबाईंची नजर वर्षभरात अधू झाली होती. नजरेचा मधला भाग पुसट झालाय आणि तो सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोनदा त्यांनी दूध पातेल्याबाहेर ओतलं, एकदा मनगट भाजून घेतलं. तेव्हा माझ्या नवऱ्याने ठरवून टाकलं की नवं स्वयंपाकघर झालं की स्वयंपाकाला बाई ठेवायची आणि आईने बाहेरच्या खोलीत आराम करायचा. स्वतः कधी चहाचा कप विसळला नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला हा पुढे. चाळीस वर्षं ओट्यापाशी उभ्या राहिलेल्या बाईला खुर्चीत बसवून ठेवणं म्हणजे आराम नव्हे, हे मला कळत होतं. तरी मी गप्प राहिले. त्याच्याशी भांडायचंच तर मला पांढऱ्या ओट्यासाठी भांडायचं होतं. आईंनीही मूग गिळले. तुझ्या आवडीचं होऊ दे, मला काय सगळं चांगलंच दिसतं, एवढंच म्हणाल्या.

दगड निवडायला सुतार, आई आणि मी असे तिघं गोदामात गेलो. सुतार काखेत कपाटाचं पांढरं शटर, म्हणजे दार, मारून आला होता. दगड आणि शटर एकाच उजेडात शेजारी ठेवल्याशिवाय तो कुणाला हो म्हणू देत नसे. दुकानात पांढरा दिसलेला दगड घरी पिवळा निघतो, असा त्याचा अनुभव. आडव्या ठेवलेल्या पांढऱ्या लादीला त्याने शटर टेकवलं आणि माझं चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी तिथेच मान डोलावली.

गोदामाच्या मालकाने चहा मागवला. पांढरेच कप होते. आईंनी अर्धा चहा पिऊन कप लादीवर ठेवला, म्हणजे ठेवायला गेल्या. आधी त्यांची बोटं कड चाचपत राहिली, मग कप अर्धा बाहेर टेकला आणि खाली पडून फुटला. हात ओला होता म्हणून निसटला, असं त्या घाईघाईने म्हणाल्या. मालकाने दुसरा कप दिला. तो मात्र त्यांनी शेजारच्या काळ्या लादीवर न चाचपता, अगदी मधोमध ठेवला.

मी दोन्ही कपांची गंमत पाहत होते असं नाही. पांढऱ्या लादीची कड त्यांना दिसतच नाही, हे मला कळलं होतं.

"काका, पांढऱ्यावर डाग पडतात," मी सुताराला म्हटलं. "काळा घेऊ."

आत्ताच मान डोलावणारी मी, एका मिनिटात पलटले. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला कधी जमलेलं नाही. सुताराने एकदा आईंकडे पाहिलं. गुळगुळीत काळा नको, म्हणाला, ट्यूबलाइट त्यात चमकते आणि डोळ्यांना त्रास होतो. चकाकी नसलेला घ्या. पुढच्या कडेला फिकट दगडाची पट्टी लावू, म्हणजे ओटा कुठे संपतो ते लांबूनही कळेल. पण अशा दगडाखाली पांढरीफेक कपाटं म्हणजे बुद्धिबळाचा पट. त्याने फिकट हिरव्या शटरचा नमुना टेकवला, त्यावर काळ्या मुठी धरून दाखवल्या. मूठ चटकन हाताला लागायला हवी, हे तो माझ्याकडे बघून बोलला. जोडी शोभत होती, अगदी नाइलाजाने मला कबूल करावं लागलं. घरी येताना मात्र मला त्या चित्रासाठी रडू येत होतं. मी काही संत नाही.

ओटा बसला त्या दिवशी नवऱ्याने बाईचा विषय काढला. मी सांगितलं की बाई येणार नाही, आई पूर्वीसारख्याच माझ्याबरोबर स्वयंपाक करतील, आणि गरम भांडी उतरवायला तू रोज हजर राहायचंस. "रोज?" एवढंच तो म्हणाला.

तो गेल्यावर आईंनी ओट्यावरून तळवा फिरवला, फिकट पट्टीपर्यंत.

"मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "नव्या स्वयंपाकघरात मला जागा नसेल. तुला कसं विचारायचं ते कळत नव्हतं."

मी इतके दिवस गप्प राहिले होते, हे त्यांना माहीत होतं आणि तरी त्या माझ्या आवडीचं होऊ दे म्हणत होत्या. माफी मागायला हवी होती. मागता आली नाही. मी घेवड्याच्या शेंगांची टोपली आणि सुरी त्यांच्यापुढे सरकवली.

"बारीक चिरा," मी म्हटलं. "परवा फार जाड झाल्या होत्या."

"तुझ्या हाताने झाल्या होत्या त्या," आई म्हणाल्या, आणि चिरायला लागल्या.