वहिनीच्या हातचा घोट

सकाळीच माझ्या धाकट्या जावेचं आणि भावजींचं वाजलं. बागवाल्याच्या विहिरीतला गाळ काढायचा होता, आणि दोर धरायला भावजींना बोलावणं आलं होतं. धाकटी म्हणत होती, नका जाऊ, अजून हाताचं कापरं गेलं नाही. भावजी म्हणाले, मग घरात बसून काय भिंती चाटू?

आमचे हे असेच विहिरीत उतरले असताना कड ढासळली आणि ते गेले. वर दोर भावजींच्या हातात होता. तेव्हापासून त्यांचा डोळा लागला की मुठी आवळून ओरडत उठतात. मग बाटली लागली. दवाखान्यात नेलं, तर दारू सोडवणारे म्हणाले, आधी यांचं डोकं ताळ्यावर आणा. डोक्याचे डॉक्टर म्हणाले, आधी दारू सोडवा. दोन्ही दारांतून माघारी आलो. शेवटी मीच त्यांना देवापुढे उभं करून माझ्या डोक्यावर हात ठेवायला लावला. तेव्हापासून थेंब नाही.

दुपारी आरडाओरड ऐकून आम्ही दोघी धावलो. गाळ काढणारा गडी अर्ध्या विहिरीत लोंबकळत होता. भावजींनी दोर कमरेला वेढून गच्च धरलेला. ना वर ओढत, ना खाली सोडत. चौघं त्यांची बोटं उघडत होते, बोटं हलत नव्हती. मला काय वाळत घातलंय का, असं गडी खालून विचारत होता, पण आवाज फाटलेला. काठावर घासून दोराचे पीळ उकलत चालले होते.

"सोडलं तर दादा जाईल," भावजी पुटपुटत होते.

बागवाल्यानं बाटली आणली. घोट गेला की हात सैल पडतो, हे गावाला ठाऊक. पण भावजींनी दात मिटून घेतले आणि माझ्याकडे बघत मान हलवली.

मी बाटली हातात घेतली. "भावजी, शपथ सुटली. तोंड उघडा."

"वहिनी, तुमचं डोकं..."

"माझं मी बघते. उघडा."

बोटं सुटली तसा चौघांनी दोर धरला. गडी वर आला. भावजी तिथंच मातीत बसून पीत राहिले. बाटली कुणी काढून घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी बागवाल्याचा निरोप आला. गाळ अजून निम्मा आहे, भावजींना पाठवा, पण थोडी पाजून पाठवा. वहिनींच्या हातची घेतात ते.

धाकटीनं पेला धुतला आणि माझ्यापुढे आणून ठेवला.