पाकळी गळण्याआधी

मी तांब्याची एक लहानशी वाटी बोलतेय. तळहातावर मावेन एवढीच आहे. तोंडवलीच्या रस्त्यावर एक वाडी लागते, तिथल्या देवीच्या देवळात माझी बहुतेक वर्षं गेली. देवीच्या पाषाणाशेजारी मला ठेवलेलं असायचं आणि माझ्यात बोटभर पाणी असायचं. ते पाणी धरून ठेवणं, एवढंच माझं काम. पण त्या बोटभर पाण्याचा मला जेवढा घोर लागला, तेवढा भरलेल्या विहिरीलाही लागला नसेल.

कुडाळच्या आठवडा बाजारातून मला विठोबा गुरवानं आणलं. त्यानं मला दोन वेळा टिचकी मारून पाहिली, आवाज बरा वाटला म्हणून पिशवीत टाकलं. दुसऱ्या दिवसापासून मी कौलाच्या कामाला लागले.

आमच्याकडे माणसं अडली की देवीला कौल लावतात. गुरव लाल फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवतो आणि पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवतो. मग तो गाऱ्हाणं घालतो, माणसं हात जोडून उभी राहतात, आणि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. विहीर कुठे खणायची, होडी कधी लोटायची, मुलगी या घरात द्यायची की नाही, असं काय काय विचारायला लोक यायचे. उत्तर मिळालं की त्यांचे खांदे खाली यायचे. आपण ठरवलं नाही, देवीनं ठरवलं, हा मोठा आधार असायचा त्यांना.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती. ज्या पाकळीला पाणी कमी लागलेलं असतं, ती लवकर सुकते आणि आधी गळते. विठोबालाही ते ठाऊक होतं. म्हणून तो दोन्ही पाकळ्या एकदमच माझ्यात बुडवायचा, एकदमच उचलायचा, आणि डोळे मिटून चिकटवायचा. मुलाला, गुरुदासला, शिकवताना त्यानं एवढंच सांगितलं, "पाणी दोनी पाकळ्यांक सारख्या लागाक व्हया. आपला काम तितक्याच."

विठोबा गेला आणि मी गुरुदासच्या हातात आले. गुरुदास भला माणूस. भला म्हणूनच पहिल्यांदा चुकला.

वाडीतली संचिता पोटाच्या दुखण्यानं हैराण होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि ती भीतीनं पांढरी पडली होती. करू की नको, असा तिनं कौल लावला. डावी पाकळी गळली असती तर ती घरीच पडून राहिली असती. गुरुदासनं उजवी पाकळी माझ्यात नुसती टेकवली आणि लगेच काढली. त्याचं बोट थरथरत होतं, माझ्या काठावर आपटत होतं. उजवी गळली, संचिता गेली, बरी होऊन आली. देवीची ओटी भरली तिनं. त्या दिवशी गुरुदास जेवला नाही, असं त्याची बायको यशोदा कुणाला तरी सांगत होती.

त्यानंतर दोन भावांचं भांडण मिटवायला त्यानं तेच केलं. एका म्हाताऱ्याला मुलाकडे मुंबईला धाडायलाही तेच. चांगल्यासाठीच सगळं. पण आता त्याचं बोट थरथरत नव्हतं, आणि मला खरी काळजी तेव्हापासून लागली.

मग गेल्या भाद्रपदात शिवा बुडाला.

शिवा सुदेशच्या होडीवर खलाशी होता. वारं उठलं, होडी कलंडली. सुदेश पोहत किनाऱ्याला लागला. शिवा तिसऱ्या दिवशी देवगडच्या बाजूला सापडला. घरी म्हातारी आई यमुनाबाई, बायको जानकी आणि चार वर्षांची मुलगी. सुदेशनं वाडीत सांगितलं, की शिवा घरात भांडण करून आला होता, मी नको म्हणत असताना हट्टानं होडीत चढला. झालं. यमुनाबाईनं सुनेशी बोलणं टाकलं. बायकांनी जानकीच्या हातचा चहा घेणं सोडलं. तिनंच तोंड चालवून नवऱ्याला समुद्रात धाडलं, असं जो तो म्हणू लागला. शेवटी यमुनाबाईनं देवीला विचारायचं ठरवलं.

कौलाच्या आदल्या दुपारी सुदेश एकटाच देवळात आला. गुरुदास पाषाणाला पाणी घालत होता. सुदेश देवीकडे पाठ करून खांबाला टेकून बसला.

"गुरुदास, एक सांगतंय, तुझ्याकडेच ठेव. शिवा येवक तयार नाय होतो. वाऱ्याचो मेसेज इल्लो, होड्यो काढू नको म्हणान. मिया तीनदा फोन केलंय. तिसऱ्यांदा म्हटलंय, आज इलंस नाय तर उद्यापासून येव नको."

गुरुदासच्या हातातली कळशी तशीच राहिली. "मगे गावात तू सांगितलंस ता?"

"तोंडातून गेला. सगळे विचारी होते. एकदा गेला, आता मागे कसा घेव?"

"घेवक येता."

 सुदेश एकदम म्हणाला, "तेची वेळच भरलेली. देवीक नको असता तर तिना वारो थांबवल्यान असतो. माझो फोन लागाक दिल्यान नसतो. सगळा तिच्या हातात, मगे पाप माझा कसा?"

मी गुरुदासच्या तोंडाकडे बघत होते. त्याला उत्तर सुचलं होतं, असं मला वाटतं. पण दोन वर्षांपूर्वी त्याची मुलगी दीपिका बाळंतपणात अडली होती तेव्हा रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना याच सुदेशनं गाडी काढून तिला कुडाळच्या दवाखान्यात पोचवलं होतं. आज दीपिका आहे, तिचं बाळ आहे. गुरुदासनं उत्तर गिळलं.

"मी तुझ्याकडे काय मागणंय नाय," सुदेश उठता उठता म्हणाला. "तू फक्त गप रव."

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळ भरलं. यमुनाबाई पुढे बसली. जानकी पायरीशी उभी होती, मुलीला कडेवर घेऊन. सुदेश मागे, दाराजवळ.

यमुनाबाई म्हणाली, "देवीक विचार. हिच्या तोंडान माझो झील गेलो काय? तसा असात तर उजवी दी. मगे ही माझ्या घरात रवाची नाय."

गुरुदासनं पाकळ्या घेतल्या. मला वाटलं, आज तरी तो दोन्ही एकदम बुडवेल. बापासारखे डोळे मिटेल. त्यानं डावी पाकळी पुरी बुडवली आणि पाण्यात दाबून धरली. उजवी मात्र त्यानं नुसती टेकवली. नुसतं गप्प राहायचं ठरलं होतं, आणि हा त्याच्याही पुढे गेला. डावी पडली तर लोक सुदेशला पुन्हा विचारतील, या धास्तीनं असेल.

पाकळ्या लागल्या. "बा देवी म्हाराजा," त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं. "व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. आवाज चढत गेला आणि थांबला. आता फक्त बघायचं.

उजव्या पाकळीची कड वाळू लागली. मी खाली होते, मला ती सगळ्यांच्या आधी दिसली. आधी टोक सुटलं. मग अर्धी कड. गुरुदासच्या कपाळावरून घामाची धार कानामागे गेली. अजून वेळ आहे, असं मी मनात घोकत होते. पाकळी पडेपर्यंत वेळ आहे. त्यालाही ते ठाऊक असणार, कारण तो श्वास धरून उभा होता.

तेवढ्यात जानकी बोलली. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि ती पाषाणाकडे बघतही नव्हती.

"मिया बोललंय ता खरा. फोन परत परत वाजत होतो. तो जाव की नको, जाव की नको करीत होतो. माका कटाळो इलो. म्हटलंय, जावचा तर जा एकदाचो. मगे तेना डबो मागल्यान, तो भरून दिलंय." तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तितक्या माझा. ता माझाच म्हणा. पाकळी पडापर्यंत थांबाक नको."

 

गुरुदासनं हात वर केला. मला वाटलं, तो नमस्कार करतोय. त्यानं तळहात पाषाणावर टेकवला आणि दोन्ही पाकळ्या पुसून काढल्या. माझ्या आयुष्यात असं कुणी केलं नव्हतं. पुढचे लोक ताडकन उठले.

"ही पाकळी देवी पाडणा नाय," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकू गेला नाही, म्हणून त्याला पुन्हा बोलावं लागलं. "देवी नाय, मिया पाडतंय. पाणी कमी लावलंय. ह्याच्या आधीपण लावलंय." मग त्यानं दाराकडे बघितलं. "सुदेश, तू सांग."

सगळ्या माना वळल्या.

"माका काय म्हायत?" सुदेश म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

तेव्हा गुरुदासनंच सांगितलं. तीन फोन, वाऱ्याचा मेसेज, सगळं. निम्म्या लोकांनी विश्वास ठेवला, निम्म्यांनी नाही. जो कौलात लबाडी करतो त्याचं बोलणं कशावरून खरं, असं एकानं विचारलं, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात वाडीची बैठक झाली. कौलाचा मान गुरुदासच्या चुलत घराण्यातल्या अजयकडे गेला. अजयनं नवी स्टीलची वाटी आणली आणि मला गुरुदासच्या घरी परत पाठवलं. यशोदा महिनाभर शेजारच्या विहिरीवर गेली नाही. गुरुदास अंगणात बसायचा आणि उजव्या हाताचा तळवा उलटसुलट करून बघायचा. लागलेला कौल हातानं पुसून आपण मोठं पाप केलं की टाळलं, हे त्याचं त्यालाच उमगत नव्हतं. मलाही सांगता आलं नसतं.

जानकी त्याच घरात राहिली. म्हातारी तिच्याशी बोलत नव्हती, पण जा असंही म्हणाली नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी सुदेश आला. दाढी वाढलेली. गुरुदास आमसुलानं मला घासत होता.

"होडी काढूक होणा नाय माका," सुदेश म्हणाला. "घरातच कौल लाव. यमुनाकाकीक सांगू की नको, तितक्याच विचार."

गुरुदासनं मला पाण्यात बुडवलं, वर काढलं, फडक्यानं कोरडी केली आणि मागे ठेवली.

"लावूचंय नाय."

"एकदाच."

"डावी पडली तर तू सांगूचंस नाय. उजवी पडली तर देवीन सांगूक लावल्यान, म्हणतलंस. दोनीकडे तू खंय आसस?"

सुदेश बसून राहिला. यशोदानं चहा आणून ठेवला, तो निवला. मग तो उठला आणि कुंपणाच्या फाटकाबाहेर पडला. कुठे वळला ते मला दिसलं नाही. गुरुदासला दिसत होतं, पण त्यानं मुद्दाम मान खाली घातली. ती सकाळ माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब सकाळ.

दुपारी यशोदा धावत आली. सुदेश यमुनाबाईच्या दारापुढच्या खळ्यात उभा राहून सगळं बोलला होता, चार माणसांदेखत. म्हातारीनं शिव्या दिल्या नाहीत. तिनं फक्त विचारलं, "माझ्या शिवान नको म्हटल्यान होता?"

"व्हय काकी. तीनदा."

मग तिनं जानकीला हाक मारली आणि म्हणाली, "गो, पाणी दी माका." तीन महिन्यांतलं ते पहिलं बोलणं. पुढे सुदेश पोलिसांकडेही गेला. तिकडचं अजून चाललंय.

आता मी यशोदाच्या स्वयंपाकघरात असते. रोज संध्याकाळी ती माझ्यात मेथीचे दाणे भिजत घालते, गुरुदासच्या साखरेसाठी. बरं चाललंय माझं. परवा कुणीतरी म्हणालं, जुनी वाटी आहे, देवळात परत द्या.  नका नेऊ मला. पुन्हा कुणाचं बोट माझ्यात शिरेल, पाकळी नुसती टेकवून काढेल, आणि मला ते कळेल. मला कलंडून पाणी सांडता येत नाही, ओरडता येत नाही, हात मागे घेता येत नाही. तुम्हाला येतो.