मापाच्या पुतळ्याची साक्ष

मित्रांनो, मी शिवणकामाच्या खोलीतला एक जुना पुतळा आहे. मला डोकं नाही, हात नाहीत. पोटात भुसा आणि वरून टाचण्या टोचायला जाड कापड. कारखान्यात मला ठासून भरलं आणि तिथून मी एका शिंपीणबाईंकडे आलो. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी स्वतःचा धंदा मांडला होता. प्रत्येक नवा कोट आधी मी घालायचो, मग गिऱ्हाईक. "पुतळ्याला काय शोभत होता," असं म्हणून गिऱ्हाईक आरशासमोरून हळूच बाजूला व्हायचं. ते माझे सुखाचे दिवस.

मग करखात्याचं पत्र आलं. तुमचं शिवणकाम हा व्यवसाय नसून छंद आहे, सबब त्याचा खर्च उत्पन्नातून वजा होणार नाही. तसं ठरलं असतं, तर कर आणि दंड भरायला बाईंना मशीनच विकावं लागलं असतं. बाईंनी पावत्या दाखवल्या. करखात्याचे साहेब म्हणाले, जागा बघायला येतो.

त्या दिवशी बाई बटणं आणायला गेल्या आणि सासूबाईंनी कंबर कसली. चिंध्या पोत्यात गेल्या, मशीनवर टेबलक्लॉथ आणि फुलदाणी आली. मला चादरीत गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं. बाई परतल्या त्या साहेबांना घेऊनच.

"अहो आई, हे काय केलंत?"

"मग पाहुण्यांना काय पसारा दाखवायचा?"

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. "सुरेख दिवाणखाना आहे. धंदा कुठे चालतो?"

"इथेच चालतो हो. आजच आवरलंय."

"सगळे असंच म्हणतात," म्हणत साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई थेट आत शिरल्या. "काय हो, माझ्या कोटाचं काय? भाचीच्या लग्नासाठी टाकला होता. आता तिला मूल व्हायची वेळ आली."

"जरा थांबता का? हे साहेब..."

"साहेब, तुम्हीही आगाऊ पैसे दिलेत? मग बसा खाली. वेळ लागेल." त्यांनी माझी चादर ओढली. माझ्या अंगावर त्यांचाच कोट होता, एका बाहीचा. "बघा, हे असं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, ही तक्रार लिहून द्याल?"

"एक का, गल्लीभरच्या आणून देते."

आणि आणल्या. कुणाची पँट अडकली होती, कुणाचा झगा आखूड झाला होता. सगळं वाचून साहेब म्हणाले, "छंदापायी कुणी इतकी बोलणी खात नाही." खर्च मंजूर झाला, मशीन राहिलं.

आता दार वाजलं की सासूबाई आधी चिंध्या पसरतात, मग कडी काढतात. मित्रांनो, कामाच्या वस्तूंची निगा जरूर राखा. पण त्या कामाच्या दिसतील, इतपतच.