एक जूनचा जन्म

एकाच्या आकड्याच्या शेपटीला दिलेला तो बारीकसा हिसका तिचाच होता, झेरॉक्समध्येसुद्धा लपत नव्हता. १ जून २००७. शाळेच्या दाखल रजिस्टरचं ते पान पद्माबाईंनी सकाळपासून चौथ्यांदा उलगडलं — आधी समुद्रपूरच्या बसमध्ये, आता वर्ध्याच्या कोर्टातल्या या बाकावर. अक्षर मात्र सुंदर होतं. अक्षराचं आपलं नेहमीच कौतुक व्हायचं...

गुलाबने सुमीतच्या डोक्यात सळई घातली ती गेल्या वर्षी वीस जूनला. म्हणजे या कागदाप्रमाणे गुलाबला अठरा पूर्ण होऊन एकोणीस दिवस; मोठ्या माणसाने केलेला खून, मोठ्या माणसाची जन्मठेप. अठरा पूर्ण नसतील तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाणार, आणि तिथे आधी पोराला बघतात, मग गुन्ह्याला — असं त्याच्या वकिलाने तिला फोनवर समजावलं होतं. तारीख कशावरून लिहिली, एवढंच आज सांगायचं.

कशावरून लिहिली? गुलाबची आई तानाबाई त्याला शाळेत घालायला निंदणाच्या कामावरून तशीच आली होती, पायांना चिखल. जन्म कधीचा विचारलं तर म्हणाली, कापूस वेचाईच्या दिवसातला. साल तिला ठाऊक नव्हतं. मग मी त्याला डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरायला लावला, सहा वर्षांच्या पोराचा हात पोचतो. त्याची बोटं कानाच्या वर चार अंगुळं थांबली. पाचाचाही नसेल. पण शाळेचा पट एकोणीस होता, वीस झाला की दुसरा शिक्षक टिकणार होता, आणि दुसरा शिक्षक म्हणजे मीच — नाहीतर अतिरिक्त ठरून थेट कारंज्याला बदली, आणि माझी मुलगी नमिता त्या वर्षी दहावीला. एक जून तर सगळेच लिहायचे, अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जूनलाच. साल तेवढं माझं.

अशाने पेन्शन बंद होतं का, हे कोणाला विचारायचं? विचारलं की कबूल केल्यासारखंच.

"बाई, पानी घ्या." सुमीतचे वडील, हरिभाऊ, शेजारी येऊन बसले. गेल्या आठ महिन्यांत त्यांचा सदरा खांद्यांवर लोंबायला लागला होता. "तो वकील काई बी बोलून राह्यला. तुमच्या हातचं लिवलेलं खोटं कसं राहीन?"

तिने पाणी घेतलं. नाही म्हणता आलं असतं, पण घेतलं.

समोर लिंबाखाली तानाबाई उकिडवी बसली होती, इकडे बघत नव्हती. काल संध्याकाळी घरी आली तेव्हाही उंबऱ्याच्या आत आली नाही. "तुमाले सारं माईत हाये बाई. खरं तेच सांगजा, मी दुसरं काई नाई मांगत." एवढंच बोलून गेली. रडली असती तर चिडता तरी आलं असतं. खरं मागणारा माणूस फार अवघड, त्याला टाळता येत नाही.

दोन पोलिसांच्या मध्ये गुलाब आला. मिसरूड नुकती फुटलेली, पायात कोणाच्या तरी मोठ्या चपला. तिच्यासमोर येताच तो थबकला. "नमस्ते बाई," वर्गात म्हणायचा तसंच, लांबवून. हरिभाऊंनी मान फिरवली. पोलिसाने त्याला पुढे ढकललं.

वर्गात म्हणायचा तसं... पण कसा म्हणायचा? सुमीत आठवतो — पाढे म्हणताना डोळे मिटायचा, सतराच्या पाढ्यात अडकला की आपणच हसायचा, दप्तरात बोरं असायची. आणि हा? कुठे बसायचा? वाचता यायला लागलं होतं का? कोणाशी भांडायचा, डबा आणायचा की नाही? चार वर्षं हजेरी घेतली मी त्याची. तिने नेट लावून आठवायचा प्रयत्न केला, एक मार, एक शाबासकी, काहीही... काही येईना. सकाळपासून सगळ्यांचा विचार झाला, हरिभाऊंचा, तानाबाईचा, स्वतःचा तर दोनदा. आत कोणीतरी विचारणार, या मुलाला ओळखता का? पहिला प्रश्न हाच असतो म्हणे.

शिपायाने तिचं नाव पुकारलं. पेन्शनची भीती केव्हाच गेली होती, हे तिला उठताना कळलं. तिला लाज वाटत होती, आणि ती तारखेची नव्हती.