ओब्रायनबाईंचा शेंगदाणा

शार्दूल मँचेस्टरच्या एका कॉन्फरन्सहून परतला तो कोड रिव्ह्यूचं वेड डोक्यात घेऊनच. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका छोट्या कंपनीत तो इंजिनिअरिंगचा प्रमुख होता. वृद्धाश्रमांच्या स्वयंपाकघरांसाठी ही कंपनी सॉफ्टवेअर बनवायची. कोणत्या आजोबांना मीठ वर्ज्य, कोणत्या आजींना शेंगदाणा चालत नाही, हे त्यातून आचाऱ्याला पडद्यावर दिसायचं. आल्या आल्या त्याने मीटिंग घेऊन जाहीर केलं, की यापुढे दुसऱ्याने वाचून मान्य केल्याशिवाय कोणाचाही कोड पुढे जाणार नाही, आणि प्रत्येक बदलाची चाचणी क्लाउडवरचा सर्व्हर आपोआप घेईल. ‘कोणाचाही’ हा शब्द त्याने टेबलावर बोट आपटून म्हटला.

हे सगळं उभारायचं काम मनीषाच्या गळ्यात पडलं. ती नागपूरची, एजवेअरला राहणारी, आणि तिचा व्हिसा कंपनीच्या भरवशावर. त्यामुळे जे काम कोणाला नको असे, ते तिच्याकडे वळे. हे काम मात्र तिला मनापासून आवडलं. तिने सर्व्हर भाड्याने घेतले, रिव्ह्यूची व्यवस्था बसवली, आणि स्वयंपाकघरांतून आलेल्या जुन्या तक्रारी वाचून एकेका तक्रारीसाठी चाचणी लिहिली. कोणी कोड चढवला की सर्व्हर या सगळ्या चाचण्या चालवी आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिरवी किंवा लाल खूण उमटे. लाल असली की बदल तिथेच अडे.

चाचण्यांचं ठीक चाललं. रिव्ह्यूचं काय सांगावं? शेजारच्या टेबलावरचा ग्रॅहॅम किटलीतलं पाणी उकळायच्या आत कोणाचाही कोड मान्य करी आणि खाली ‘लव्हली’ लिही. एकदा मनीषाने मुद्दाम कोडच्या मधोमध साबुदाण्याच्या खिचडीची कृती घातली. ग्रॅहॅमचा शेरा आला, ‘लव्हली, अगदी सुबोध.’

अशात शार्दूलला स्वतः कोड लिहायची हुक्की आली. पूर्वी आपण किती सुंदर कोड लिहायचो, हे तो नव्या लोकांना नेहमी ऐकवायचा. त्याने माणसांच्या नावांतली फालतू चिन्हं काढून टाकायचा बदल लिहिला आणि पडदा लाल झाला. ओब्रायन हे आडनाव इंग्रजीत लिहिताना मध्ये वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखं एक चिन्ह येतं. ते उडालं की सॉफ्टवेअरला ओब्रायनबाई ओळखू येईनात, आणि त्यांच्या शेंगदाण्याच्या ॲलर्जीची सूचनाच नाहीशी होई.

मनीषाने त्याला हे समजावून सांगितलं. सर्व्हर जरा जास्तच नाजूक झालाय, असं त्याचं मत पडलं.

गुरुवारी डेबरा नावाची बाई यायची होती. तिच्या हाताखाली पुष्कळ वृद्धाश्रम होते आणि ती सॉफ्टवेअर घेणार असं वाटत होतं. आदल्या दिवशी शार्दूलने मनीषाला बाजूला बोलावलं. एरवी तो ऑफिसात इंग्रजीच बोलायचा, आज मराठीवर आला.

“ती शेंगदाण्याची चाचणी बंद करून टाक,” तो म्हणाला. “उद्या पडदा हिरवा दिसला पाहिजे.”

“आणि तुझा बदल पुढे गेला तर ओब्रायनबाई काय खातील?”

“नंतर बघू ना. तू कर तर.”

नाही म्हणायची मनीषाची छाती झाली नाही. तिने निमूटपणे चाचणी बंद करणारी एक ओळ लिहिली, वर स्वच्छ इंग्रजीत ‘शेंगदाण्याच्या ॲलर्जीची चाचणी बंद करणे’ असा मथळा दिला, आणि नियमाप्रमाणे ती रिव्ह्यूला पाठवली.

आणि त्या ऑफिसात पहिल्यांदा लोकांनी कोड वाचला. सगळे त्या एका ओळीकडे बघत बसले. ग्रॅहॅमला नेमका दातांचा डॉक्टर आठवला आणि तो निघून गेला. शार्दूलला स्वतः मान्यता देता आली असती, पण मग तिथे त्याचं नाव लागलं असतं. तो दिवसभर इतरांनाच गोड निरोप पाठवत राहिला. कोणी बटण दाबलं नाही.

गुरुवारी डेबरा आली तेव्हा पडदा लालभडक होता. तिने पहिला प्रश्न त्याचाच विचारला. सर्व्हरची किरकोळ कुरबुर आहे, असं शार्दूल सांगू लागला.

“कुरबुर नाही,” मनीषा म्हणाली. तिने सगळं सांगितलं. बदल कोणाचा, हे तेवढं गाळलं.

डेबराने विचारलं, की हा बदल कुठल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलाय का. नाही, लाल खुणेपाशीच अडलाय, असं मनीषाने सांगितल्यावर ती खुर्चीत टेकून बसली. ही व्यवस्था कोणाची कल्पना, असं तिने विचारलं.

“माझी,” शार्दूल म्हणाला. ते खोटंही नव्हतं.

डेबराचं काम कंपनीला मिळालं. शार्दूलने ‘सुरक्षेची संस्कृती’ या विषयावर इंटरनेटवर लांबलचक लेख टाकला आणि शेवटी ‘सहकार्याबद्दल’ मनीषाचे आभार मानले. नावाचं स्पेलिंग चुकवून.

त्याचा बदल मात्र अजून अडलेलाच होता. त्याने तो दुरुस्त करून पाठवला आणि रिव्ह्यू मनीषाकडे आला. ओब्रायनबाई वाचल्या होत्या, पण मध्ये आडवी रेघ असलेली जोडआडनावांची माणसं आता गायब होत होती. मनीषाने सविस्तर शेरा लिहून तो परत पाठवला. दुसऱ्या खेपेलाही परत पाठवला. शार्दूल दोनदा तिच्या टेबलाशी घुटमळून गेला. तिसऱ्या खेपेला तिने कोड वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वाचला, एकेक ओळ बोटाने पुढे सरकवत बघितली. एकही चूक सापडेना. चूक नसल्याचं तिला जरा वाईटच वाटलं. मग तिने मान्यता दिली आणि जेवायला गेली.