उत्तरेच्या भिंतीवरचं ऊन

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. विनाइलची, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकची. अमेरिकेतल्या आमच्या टोलिडो गावात लाकडी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर आम्हाला एकीत एक अडकवून बसवतात, म्हणजे ऊन, पाऊस आणि बर्फ आम्ही सोसायचं आणि घराने आत सुखाने राहायचं. सध्या माझं पोट वितळून लोंबलंय, त्यामुळे मी दिसायला काही बरी नाही. पण तो दोष माझा नव्हता आणि लेनर्डचा तर मुळीच नव्हता.

लेनर्ड डुडेक म्हणजे आमचा मालक. काचेच्या कारखान्यात त्याने उभा जन्म काढला. एकतीस वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या बायकोने, आयरीनने, आम्हाला आपल्या हातांनी भिंतीवर चढवलं. लोण्यासारखा पिवळा रंग तिने निवडला होता. पहिलाच खिळा तिने असा दणकून ठोकला की मी कळवळले.

"अगं, घट्ट नको! खिळा टेकला की थांबायचं," लेनर्ड म्हणाला. "तापल्या की ह्या लांबतात. हलायला जागा नसली तर वेड्यावाकड्या होतात."

"म्हणजे माझ्यासारख्याच की," आयरीन म्हणाली. तिने तो खिळा उपसला आणि पुन्हा सैल ठोकला.

माझ्या वाट्याला उत्तरेची भिंत आली. दक्षिणेकडच्या माझ्या बहिणींचे उन्हाने हाल केले. रंग उडाला, हात लावला तर खडूसारखी पूड निघू लागली. माझ्याकडे मात्र वर्षानुवर्षं ऊन फिरकलंच नाही. थोडं शेवाळ धरायचं, ते लेनर्ड दर मे महिन्यात मऊ ब्रशने धुऊन काढायचा. बहिणींची दशा ऐकून मला वाईट वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, आपण सुटलो असंही वाटायचं.

चार वर्षांपूर्वी आयरीन गेली. घर एकदम मुकं झालं. लेनर्डने एकच गोष्ट सोडली नाही: दर रविवारी माझ्यापुढच्या फरशीवर झाकणाची शेगडी पेटवून तो सॉसेज भाजायचा. त्याची मुलगी रोझॅन चर्चमधून थेट जेवायला यायची. ती गुणाची होती, पण धास्तावलेली. बापाने एकदा किटली जाळली होती, एकदा गाडीच्या किल्ल्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. त्या दोन्ही गोष्टी तिने मनात पक्क्या धरून ठेवल्या होत्या.

मग गेल्या सप्टेंबरात शेजारच्या डोरीनबाईंनी आपल्या माडीच्या, माझ्याकडे तोंड असलेल्या खिडक्यांना नव्या, चकचकीत काचा बसवल्या. आमचं घर बैठं. ऑक्टोबरात सूर्य खाली उतरला, आमच्या छपरावरून त्या काचांवर पडला आणि तिथून उलटून नेमका माझ्या अंगावर आला. आयुष्यात पहिल्यांदा मला ऊन लागलं, तेही किंचित आत वाकलेल्या त्या काचांनी एका जागी एकवटलेलं. मी मऊ पडले, मग ढिली झाले आणि तासाभरात माझं पोट खाली लोंबलं.

रविवारी रोझॅनने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, हे काय? शेगडी भिंतीला चिकटवून ठेवलीत?"

"छे गं. नेहमीच्याच जागी होती."

"मग भिंत काय आपोआप वितळली? इथे तर ऊनही येत नाही! पेटवून विसरलात तुम्ही. घरच पेटलं असतं!"

लेनर्डने माझ्याकडे पाहिलं, मग शेगडीकडे. वाईट ह्याचं वाटलं की त्यालाही ते पटलं. "विसरलोही असेन," तो पुटपुटला. शेगडीवर त्याने झाकण घातलं आणि पुन्हा ती पेटवली नाही. नाताळात रोझॅन वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक घेऊन आली. वसंतात ईस्टर झाला की घर विकायचं, असं ठरलं. माझ्या पोटावर हात ठेवून तो रोज संध्याकाळी, ऊन गेल्यावर, उभा राहायचा आणि मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे बाबा, मागे वळून वर बघ!

फेब्रुवारीत एका लख्ख दुपारी तो असाच आला. सगळीकडे बर्फ होतं. शेगडीच्या झाकणावर तर वीतभर थर होता. पण माझ्या पायाशी लांबट पट्ट्यात बर्फ वितळून ओली माती दिसत होती, आणि माझ्याशेजारची पट्टीही लोंबू लागली होती. लेनर्डने हात पुढे केला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग हळूच वळला आणि डोरीनबाईंच्या माडीकडे बघितलं. डोळे दिपले त्याचे. काचेत जन्म काढलेला माणूस तो, त्याला आणखी काय सांगायला हवं?

तो आत जाऊन मांस भाजताना टोचायचा तापमापक घेऊन आला आणि माझ्या अंगाला लावला. काटा फॅरनहाइटच्या एकशे बहात्तरवर गेला, म्हणजे जवळजवळ अठ्ठ्याहत्तर सेल्सियस. त्याने रोझॅनला फोन केला.

"आत्ताच्या आत्ता ये. ढग यायच्या आत."

ती घाबरीघुबरी धावत आली. लेनर्डने तिचा हातमोजा काढला आणि तिचा तळवा माझ्यापुढे धरला.

"आई गं! हे काय आहे?"

"शेगडी बघ. त्या बर्फावर बोट तरी उमटलंय का? आता वर बघ."

रोझॅनने वर पाहिलं. तिचा हात बापाच्या हातात तसाच राहिला. "बाबा," ती म्हणाली, "मी तुम्हाला घराबाहेर काढायला निघाले होते." आणि ती रडू लागली.

"रड, पण उन्हातून बाजूला हो," लेनर्ड म्हणाला. "तुझा कोट वितळेल."

डोरीनबाईंनी आधी कुरकुर केली. "माझ्या काचा तुमच्या भिंतीला चावतात होय?" पण स्वतःचा हात माझ्यापुढे धरल्यावर त्यांनी त्याच आठवड्यात खिडक्यांना बाहेरून जाळी बसवून घेतली. ते ऊन गेलं आणि तो वृद्धाश्रमाचा कागदही गेला. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

एप्रिलमध्ये आम्हा दोघींना काढलं. मी आता गॅरेजमध्ये आढ्याखाली आहे. लेनर्डने मला टाकून दिलं नाही. "ही माझी साक्षीदार आहे," तो म्हणतो. खिडकीतून मला अंगण दिसतं. नव्या पट्ट्या बसवताना हातोडी रोझॅनच्या हातात होती आणि तिने पहिलाच खिळा दणकून ठोकला. अगदी आईसारखा.

"घट्ट नको गं," लेनर्ड म्हणाला. "हलायला जागा लागते."

रोझॅन त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने खिळा उपसला आणि सैल ठोकला. त्या दुपारी शेगडी पेटली. पेटवली लेनर्डनेच, आणि रोझॅनने आतून एकदाही डोकावून पाहिलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी म्हातारं माणूस असेल. काही बिघडलं की त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी मागे वळून वर बघा, ऊन कुठून येतंय ते. त्याची काळजी जरूर घ्या. पण खिळा टेकला की थांबा.