आदेशावरून

किनारा विकास मंडळाच्या पनवेल कार्यालयात आशालता देवस्थळींसारखं अक्षर कोणाचंच नव्हतं, आणि हे सगळ्यांत आधी आशालताबाईंनाच ठाऊक होतं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सहा साहेब पाहिले. साहेब येत, बदलून जात. टिपणी मात्र बाईंचीच. साहेबांनी खाली सही ठोकायची, बस. अशा बाईला निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना एखादं पद मिळावंसं वाटलं, तर त्यात गैर काय? लिपिक म्हणून आली आणि लिपिक म्हणूनच गेली, असं निरोपाच्या दिवशी कोणी म्हणू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ती संधी २०१२ च्या डिसेंबरात परिपत्रक होऊन आली. प्रत्येक कार्यालयात ‘कर्मचारी हक्क सल्लागार समिती’ नेमावी, असा मुख्यालयाचा हुकूम होता. जात, धर्म, गाव, बोली, बाई की पुरुष, असल्या कुठल्याही कारणानं कोणाला कमी लेखलं जात असेल, तर समितीनं त्याचं ऐकून घ्यावं आणि साहेबांना सल्ला द्यावा. पाच सदस्य, एक सचिव. सचिवाला वेगळं टेबल, कुलपाचं कपाट आणि टेबलावर नावाची पाटी.

बाईंनी परिपत्रक दोनदा वाचलं. हक्कांचा भाग एकदाच वाचला, पाटीचा दोनदा.

सत्यजीत निंबाळकर नावाचे नवे साहेब सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून आले होते. वयानं बाईंच्या भाच्याएवढे. ते म्हणाले, “देवस्थळीबाई, समितीच्या नियमांचा मसुदा तुम्हीच करा. तुमच्याइतकं हे कोणाला जमणार?” बाई हरखल्या. नवीन पनवेलच्या फ्लॅटवर शनिवार-रविवार बसून त्यांनी तेरा नियम लिहिले. लिहिता लिहिता मनातल्या मनात पाटीसुद्धा रंगवून झाली. सोमवारी मसुदा टेबलावर ठेवला, तेव्हा साहेब पानं चाळत सहज बोलून गेले, “सचिव मात्र मी नेमणार नाही. सगळ्यांच्या विश्वासातला माणूस हवा, असं वर म्हटलंय. चिठ्ठ्या टाकू. ज्याला जो हवा त्याचं नाव त्यानं लिहावं.”

चिठ्ठ्या म्हटल्याबरोबर बाईंच्या डोळ्यांपुढे किशोरी उभी राहिली आणि त्यांच्या पोटात दुखायला लागलं.

किशोरी आवक-जावकच्या टेबलाला होती. करंजाची कोळीण. घरची जागा प्रकल्पात गेली, त्या बदल्यात तिला नोकरी लागली होती. रोज उरणहून एसटीनं यायची. शुद्धलेखनाच्या नावानं आनंद. ‘विनंती’ लिहिताना तिची वेलांटी पहिली की दुसरी हे नशिबावर. आणि तरी, कोणाला काही सांगायचं असलं की पाय वळायचे ते तिच्या टेबलाकडे. शिपाई जगन रजेचा अर्ज तिच्याकडून लिहून घ्यायचा. लेखाविभागातली भावना सासूचं रडगाणं तिला सांगायची. बाईंच्या टेबलावरून उठून माणसं तिच्याकडे जात, हे बाई चष्म्याच्या वरून बघत. माझ्याकडे काय कमी आहे? नियम मला पाठ, अक्षर मोत्यासारखं, आणि गर्दी हिच्यापाशी! असं त्यांना रोज वाटायचं, आणि जे वाटायचं ते त्या रोज डब्याबरोबर गिळायच्या.

डब्याचीही एक गोष्टच होती. कार्यालयात जेवायला एक मोठं टेबल होतं, खिडकीपाशी. त्याच्यावर भिंतीला अकरा वर्षं एक नोटीस चिकटवलेली होती. ‘या टेबलावर मासळीचे व मांसाहारी डबे उघडू नयेत. आदेशावरून.’ अक्षर बाईंचं. किशोरी नव्यानं लागली, तेव्हा एके दिवशी तिनं डब्यात सुकट आणली होती, आणि दुसऱ्या दिवशी ही नोटीस लागली. किशोरी डबा उचलून मागच्या रेकॉर्डरूममध्ये गेली. गठ्ठ्यांच्या मधे वर्तमानपत्र पसरून तिथेच जेवायला लागली.

पुढे जे झालं ते बाईंच्या हिशेबात नव्हतं. महिन्याभरात जगन तिकडे गेला. मग भावना गेली, तीही शाकाहारी असून. मग एकेक करत अख्खं ऑफिस. करंजाच्या धक्क्यावरचे लिलाव, कोणत्या दलालाची कशी जिरली, हे किशोरी साभिनय सांगायची आणि भिंतीपलीकडून हशा यायचा. बाई त्या मोठ्या टेबलावर आपल्या नोटिशीखाली एकट्या पोळी-भाजी खायच्या. टेबल पुसायला सोपं पडतं, असं त्या स्वतःला सांगायच्या. पण हशा आला की त्यांचा घास तोंडात फिरायचा. एवढं काय हसण्यासारखं आहे, हे त्यांना कधीच कळलं नाही, कारण त्यांना कोणी बोलावलं नाही. आणि न बोलावता जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

चिठ्ठ्यांची बातमी फुटली त्याच दुपारी जगन चहा ठेवताना म्हणाला, “सचिव किशोरीताईच होनार बगा. सगल्यांचं ठरलंय.”

“सगळ्यांचं म्हणजे?” बाईंनी विचारलं.

जगन बेलपाड्याचा, भोळा माणूस. “म्हंजे सगल्यांचं,” तो म्हणाला आणि कप ठेवून गेला.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी मसुदा परत मागवून घेतला. “एक मुद्दा राहिलाय,” असं साहेबांना सांगितलं आणि चौदावा नियम घातला. ज्या कर्मचाऱ्याचा स्वतःचा तक्रारअर्ज कार्यालयात प्रलंबित असेल, त्यास सचिव होता येणार नाही. “तक्रार करणारीच माणसं न्यायाला बसली तर बरं दिसत नाही, साहेब.” साहेबांनाही ते पटलं. त्यांनी सही केली.

नियम कोणासाठी होता, ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी किशोरीनं एक अर्ज दिला होता. तो अजून प्रलंबित होता, कारण तो बाईंच्याच खणात होता, तळाला अंथरलेल्या कागदाखाली. अर्ज बाहेर काढायची गरज पडेल, असं काही त्यांना वाटलं नाही. नुसतं ‘एक प्रकरण प्रलंबित आहे’ म्हणायचं. सहा साहेबांपैकी एकानंही कधी बाईंचा शब्द ताडून पाहिला नव्हता. ‘देवस्थळीबाई म्हणतायत ना, मग झालं’, असंच सत्तावीस वर्षं चाललं होतं.

शुक्रवारी अकरा वाजता सगळे मोठ्या टेबलाभोवती जमले. एकवीस माणसांनी एकवीस चिठ्ठ्या जगनच्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. मोजायला वडीलधाऱ्या म्हणून बाईच. चिठ्ठी कोणाची ते गुप्त ठेवायचं, असं साहेबांनी बजावलं होतं. पण ज्या बाईनं सत्तावीस वर्षं सगळ्यांचे अर्ज वाचले, तिच्यापासून अक्षर कसं लपणार? एकेक घडी उलगडताना त्यांना माणसं दिसत होती. हा जगन, बोटाएवढी अक्षरं. ही भावना, शिरोरेघ न दिलेली. नाव मात्र एकच. किशोरी. किशोरी. किशोरी.

एका चिठ्ठीवर ‘साहेब ठरवतील तो’ असं होतं. तो ड्रायव्हर कमळाकर. एक चिठ्ठी बाईंची स्वतःची, सुंदर अक्षरात, स्वतःच्याच नावाची. ती त्यांनी पटकन खाली सरकवली.

शेवटची चिठ्ठी उघडली आणि त्या थांबल्या. ‘आशालाताबाई’. ‘ल’ला काना, तिरपा. असं एकच माणूस लिहायचं. आवकच्या नोंदवहीत रोज शंभरदा त्या हे अक्षर बघत होत्या आणि शंभरदा नाक मुरडत होत्या. अख्ख्या ऑफिसातून बाईंना एक मत पडलं होतं, आणि ते किशोरीचं होतं.

दुसरी कोणी असती तर विरघळली असती. बाई पेटल्या. म्हणजे हिनं मला दान घातलं! अठरा जणांचा विश्वास स्वतःच्या पदरात, आणि वर हे एक मत माझ्या झोळीत. पडलेलं मत किशोरीचं निघण्यापेक्षा एकही पडलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

“किशोरी अठरा,” त्यांनी वाचलं. “देवस्थळी दोन. एक बाद.” टाळ्या सुरू झाल्या, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “पण साहेब, नियम चौदा. किशोरीबाईंचा एक अर्ज प्रलंबित आहे. दोन हजार एकचा.”

टाळ्या थांबल्या. किशोरी गोंधळली. “माझा? हा, दिला होता एकदा.”

“मला दाखवा,” साहेब म्हणाले.

बाईंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “आहे, साहेब. मी सांगते ना.”

“तुम्ही सांगता ते खरंच असणार. पण कागद बघितल्याशिवाय अठरा माणसांचं मत कसं खोडू?” साहेबांनी जगनला रेकॉर्डरूममध्ये पिटाळलं.

पंधरा मिनिटांनी तो धुळीनं माखून हात हलवत परत आला. तोवर किशोरीनं जुनी नोंदवही आणून पान उघडलं होतं. “साहेब, आवक चारशे बारा. तवाच्या साहेबांकडं गेला, तितून बाईंच्या टेबलाला. पुढं काय नोंद नाय.” तिनं ते कोणावर ठपका ठेवायला म्हटलं नव्हतं. वहीत होतं ते वाचलं.

सगळी माणसं बाईंकडे बघत होती. बाई उठल्या, आपल्या टेबलाशी गेल्या, खण ओढला आणि तळाचा कागद उचलला. पिवळा पडलेला अर्ज त्यांनी साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. “‘जेवणाच्या टेबलावर नोटीस लावली आहे. खाली आदेशावरून असे लिहिले आहे. आदेश कोणाचा ते कळावे. तसा आदेश असेल तर माझी काही हरकत नाही, मी पाळीन.’” मग त्यांनी कागद जरा जवळ धरला. समासात तेव्हाच्या साहेबांचा शेरा होता. “‘असा कोणताही आदेश मी दिलेला नाही. देवस्थळी यांनी नोटीस काढून टाकावी व खुलासा करावा.’”

किशोरीनं भिंतीवरच्या नोटिशीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“आदेश नवताच?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मला वाटलं सरकारचाच हाय. घरी बापाला पन मी तसंच सांगितलं. तो बोलला, सरकारी जागा हाय, सरकारचं पाळायचं. अकरा वर्सं मी खाली बसून जेवले, बाई.”

खुलाशाची वाक्यं रचण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण त्या वेळी बाई नुसता चष्मा पुसत राहिल्या.

साहेबांनी चौदावा नियम पुन्हा वाचला. “तक्रार करणारीला सचिव होता येत नाही. जिच्याविरुद्ध तक्रार आहे तिच्याबद्दल मात्र नियमात काहीच नाही. मी विचार न करता सही केली, ही माझी चूक. हा नियम बदलला पाहिजे.”

“ते बदला सावकाश,” किशोरी म्हणाली. “आज हाय तसा पाळा. माझं नाव काडा.” आणि ती नोंदवही छातीशी धरून आपल्या टेबलाकडे निघून गेली.

“मग दुसरा क्रमांक देवस्थळींचा,” साहेब म्हणाले. “सचिव तुम्ही. पहिली बैठक सोमवारी. विषय क्रमांक एक, आवक चारशे बारा. टिपणी तुम्हीच मांडा.”

कोणी टाळी वाजवली नाही. एक वाजला तेव्हा सगळे डबे घेऊन मागे गेले. बाईंनी आपला डबा उघडला नाही. त्या खुर्चीवर चढल्या आणि नखानं नोटीस खरवडू लागल्या. अकरा वर्षांचा डिंक; कागद तुकड्यातुकड्यानं निघाला आणि भिंतीवर एक पांढरा चौकोन उरला. रेकॉर्डरूममधून आज हशा येत नव्हता, कोणीतरी हळू आवाजात बोलत होतं. बहुतेक भावना. किशोरीची समजूत काढत असावी. माझी कधी कोणी अशी समजूत काढली आहे का, असं बाईंच्या मनात आलं. आताही, या क्षणीही, त्यांना तिचा हेवाच वाटत होता, आणि हे त्यांचं त्यांनाही कळत होतं.

त्या खाली उतरल्या. कोरा कागद घेतला. वर लिहिलं, ‘विषय क्रमांक १’. जेवणाच्या टेबलावरील नोटीस सन २००१ मध्ये लावण्यात आली. नोटीस काढून टाकण्याचा आदेश असूनही ती काढण्यात आली नाही. अर्जदारास उत्तर देण्यात आले नाही. मोत्यासारखं अक्षर, एक खाडाखोड नाही. आणि शेवटी, सत्तावीस वर्षांच्या सवयीनं, हातानं आपोआप लिहून टाकलं, ‘आदेशावरून’.

बाई त्या शब्दाकडे बघत बसल्या. मग त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं.